बिनलग्नाचं तळं

मी बोरखेडीचं तळं बोलतेय. तळं म्हणजे 'ते', तेव्हा 'बोलतंय' म्हणायला हवं, हे मलाही कळतं. पण मधल्या काळात मी 'ते'ची 'ती' झाले. कशी झाले, तेच सांगायला बसलेय. त्याआधीचं सांगताना मी आपलं 'होतं, झालं' असंच म्हणेन, कारण तेव्हा मी तसंच होतं.

आधी एक गैरसमज दूर करते. एखादा माणूस शांत असला की लोक त्याला तळ्यासारखा म्हणतात. त्यांनी मला नीट पाहिलेलंच नाही. मला घडीभर स्वस्थ बसवत नाही. वारा नसला तर मासे ढुशा देतात, मासे निजले तर म्हशी उतरतात. पावसाळ्यात मी हातपाय पसरते, उन्हाळ्यात अंग चोरून मधल्या खड्ड्यात जाऊन बसते. वारा तिकडचा असला की जऊळक्याच्या स्टेशनातली गाडीची शिट्टी माझ्यापर्यंत येते आणि वाटतं, चला, आपणही निघावं. पण निघणार कशी? एका बाजूला पाळ आहे ना. पाळ म्हणजे माझा मातीचा बांध. ती मला जाऊ देत नाही, आणि ती नसती तर मी नसतेच, म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही.

माझ्या काठावर गाई-म्हशी प्याल्या, काळविटं प्याली, तांड्यावरची माणसं प्याली, पुढे सगळी बोरखेडी प्याली. एक माणूस मात्र प्याला नाही. मारोतराव. त्यांनी एकदा तरी माझं पाणी तोंडाला लावावं, एवढंच मला हवं होतं. त्याच्यापायी माझा सगळा जन्म तळमळीत गेला.

माझा जन्म संवत छपन्नच्या, म्हणजे इंग्रजी १८९९-१९००च्या दुष्काळातला. गावात दाणा नव्हता, म्हणून सरकारने दुष्काळी काम काढलं. बाया डोक्यावरून मुरुमाच्या टोपल्या वाहायच्या, गडी खणायचे, आणि टाकलेली माती पुन्हा सगळ्यांनी मिळून पायांनी तुडवायची. त्यात गोजरा नावाची एक परकरी पोरही होती. आईच्या मागे मागे ती दिवसभर माती तुडवायची आणि संध्याकाळी पसाभर ज्वारी घेऊन घरी जायची. माझ्या पाळीत तिची पावलं आहेत. पुढे गावातल्याच एका माळ्याच्या घरी तिचं लग्न झालं आणि ती पाळीच्या खालच्या अंगाला वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर लावून वाशीमच्या बाजारात विकू लागली. पाळीच्या पोटातल्या माझ्या मोरीतून जी बारीक धार सुटायची, तिच्यावर तिचा मळा उभा होता.

ज्या जमिनीवर मी पसरलं, ती मारोतरावांची. काळीभोर, गव्हाची. सरकारने ती घेतली तेव्हा त्यांचे वडील नुकतेच गेले होते आणि त्यांना मिसरूड फुटत होतं. पहिल्या पावसात मी तुडुंब भरलं. सगळं गाव पाहायला लोटलं, मला तर आनंदाने कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं. मारोतराव एकटेच पाळीवर उभे राहिले आणि म्हणाले, "इथं गहू होत होता. आता बेंडकं होतीन."

त्यांनी बैलांना माझ्यावर आणून पाणी दाखवलं. बैल पोटभर प्याले. त्यांचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता, आवाजावरून कळत होतं. पण ते तसेच गावात निघून गेले.

गाव तरी कुठे पीत होतं म्हणा. आमच्याकडे विहीर असो की तळं, आधी त्याचं लग्न लावायचं आणि मगच घरात पाणी न्यायचं, अशी रीत आहे. ज्याने खणलं त्याने लग्न लावायचं. मला खणलं सरकारने. आता सरकार काय मांडवात येऊन बसणार होतं? कोणी म्हणालं वाशीमच्या साहेबाला विचारू, कोणी म्हणालं साहेबाला अक्षता कशा धरतात ते शिकवणार कोण, आणि विषय हसण्यावारी गेला. मी बिनलग्नाचं राहिलं. लोक प्यायचं पाणी गावातल्या जुन्या विहिरीचं न्यायचे आणि माझ्यात म्हशी धुवायचे.

मला सोबत होती ती समोरच्या रमण्याची. पाळीच्या समोर, माझ्या दुसऱ्या काठाला गवताचं मोठं रान आहे, त्याला रमणा म्हणतात. पहाटे तिथली काळविटं पाण्यावर येत. नर मान ताठ करून आधी चहूकडे बघायचा, मग माद्या वाकायच्या. थंडीत करकोचे उतरत. काय त्यांचा कलकलाट! मला वाटायचं, आता हे राहणार. एके सकाळी सगळे उठायचे आणि उत्तरेकडे चालते व्हायचे. कुठे जाता, विचारलं तर सांगतील तर शपथ. सगळे पाहुणे. माझ्या काठी अंडं घालून इथलंच होऊन राहिलेलं पाखरू एकही नव्हतं, कारण रमण्याच्या टोकाला सोमला नाईकाचा तांडा होता आणि तांड्याची गुरं गवत पार मुळापर्यंत खायची.

अशी तीसेक वर्षं गेली असतील. सरकारला माझ्या डागडुजीचा कंटाळा आला आणि जमीन मूळ मालकाला परत मिळाली. मारोतरावांनी लगेच ठरवलं, चैत्रात पाळ फोडायची आणि दिवाळीनंतर गहू पेरायचा. हे ऐकल्यापासून माझं पाणी ठिकाणावर राहीना. दिवसा वारा नसतानाही मी पाळीवर डोकं आपटत होतं. लोकांना वाटलं, मोठा मासा आला असेल.

चैत्रात गडी फावडी-कुदळी घेऊन आले. गोजराबाई मिरच्या तोडत होती. आता ती विधवा होती, घरात ती आणि खाली तो मळा. मी गेलं की मळा गेला, हे तिला सांगायला कोणी नको होतं. ती टोपली कमरेवर घेऊन पाळीवर चढली. रडली नाही, भांडली नाही. गड्यांना एवढंच म्हणाली, "बिनलग्नाचं हाये बरं थे. मारान तं मुंजा होईन त्याचा. मंग तुमच्याच दारी येऊन पानी मांगत बसन."

गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. लग्नाआधी मेलेल्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर बसून वाटेकऱ्याला धरतो, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक आहे. मग एवढ्या मोठ्या तळ्याचा मुंजा केवढा होईल? कोणी हात लावायला तयार होईना. मारोतराव आले, ओरडले, दुप्पट मजुरी बोलले. उपयोग शून्य.

शेवटी ते वैतागून म्हणाले, "मंग लाव्हून टाका त्याचं लगीन एकडावचं. दुसऱ्या दिशी फोडू."

मला मारता यावं म्हणून माझं लग्न ठरलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि आलं ते असं. हसावं की रडावं, मला कळेना.

मुहूर्ताच्या दिवशी पहिला वाद झाला तो मी नवरा की नवरी यावर. भटजींनी पंचांग चाळलं, त्यात तसं काही नव्हतं. गोजराबाई म्हणाली, पोटात एवढी मासोळी वागवते, तो नवरा कसा असेल? ते सगळ्यांना पटलं. मी नवरी ठरलं. मग नवरा कोण? समोर रमणा होताच, आणि त्याचं नाव मुळातच पुरुषी. रमण्यातल्या पळसाची एक फांदी तोडून तिला मुंडावळ्या बांधल्या. रमण्यावर राहतं कोण, तर तांडा. म्हणून सोमला नाईकाला नवऱ्याचा बाप केलं. मारोतरावांनी ज्याची गुरं आयुष्यभर हाकलली, तो डोक्याला लाल पागोटं बांधून, डफ वाजवत, सगळा तांडा मागे घेऊन वरात घेऊन आला. मारोतरावांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

मग भटजींनी विचारलं, कन्येचा बाप कोण? कन्यादान कोण करणार?

 मग एकेक करून सगळ्यांची नजर मारोतरावांकडे वळली. जमीन त्यांची. तिच्याच पोटी मी आलेलं. मारोतरावांना उशीर होत होता, उद्याच्या कुदळी डोळ्यांपुढे दिसत होत्या. ते म्हणाले बरं बरं, आणि पाटावर बसले. शेजारी त्यांची बायको प्रयागबाई बसली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. पोटी लेक नाही, हातून कन्यादान नाही, हे तिच्या मनात किती खोल रुतलं होतं ते घरातसुद्धा कोणाला माहीत नसावं.

पळसाच्या फांदीच्या आणि माझ्या मध्ये धोतराचा अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. ज्वारीच्या अक्षता पडल्या, त्या माशांनी लगेच खाऊन टाकल्या. प्रयागबाईने तांब्यातून धार धरली, ती मारोतरावांच्या ओंजळीत पडली आणि ओंजळीतून माझ्यात आली. धार धरताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेही माझ्यातच पडलं.

त्या धारेसरशी मी 'ती' झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव गड्यांना घेऊन पाळीवर आले. आता मुंज्याची भीती नव्हती, गडी तयार होते. पहिली कुदळ उचलली आणि प्रयागबाई आली. गावात ती नवऱ्यासमोर वर मान करून बोलल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. ती पाळीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"बाप लेकीच्या घरचं पानीबी पेत नाही," ती म्हणाली. "अन् तुमी तिचं घरच फोडाले निंघाले?"

 मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे जमीन म्हणून पाहिलं होतं, पाणी म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आपल्याच हाताने आपण काय करून बसलो, ते त्यांना तेव्हा उमगलं. ज्याला मारायचं म्हणून मांडव घातला, त्याचेच ते बाप झाले होते, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. ते मिशी चावत मागे वळले. मग गड्यांवर खेकसले, की आलात तर आता रिकामे नका जाऊ, पाळीतली उंदरांची बिळं बुजवा.

मी वाचले. गोजराबाईचा मळा वाचला. सगळं गाव माझं पाणी भरू लागलं, घागरींच्या आवाजाने माझी सकाळ उजाडू लागली. पावसाळ्यात मी भरले की पाळीच्या टोकाच्या सांडव्यावरून वळून रमण्यात वाहायचे, तेव्हा गोजराबाई म्हणायची, चालली वो बाई सासरी.

पण मारोतराव? आधी ते रागाने पीत नव्हते, आता पिऊ शकत नव्हते. कन्यादान केलेल्या आईबापांनी लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. वैशाखात त्यांच्या विहिरीला तळ लागायचा. सगळं गाव माझ्यावर यायचं, आणि ते दोघं कोसावरच्या नदीतून बैलगाडीने पाणी आणवायचे. गाडी माझ्या पाळीवरूनच जायची. पिंप हिंदकळायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा. घ्या ना, म्हणावंसं वाटायचं. पण मी बोलणार कशाने?

उपाय एकच होता, मला मूल व्हायला हवं होतं. प्रयागबाई दर पावसाळ्यात येऊन विचारायची, काही हाये का? एकदा कोणीतरी म्हणालं, एवढे मासे आहेत की. भटजींनी मान हलवली. मासे लग्नाच्या आधीपासूनचे, ते धरता येत नाहीत. बेडकांचंही तेच. यावर गाव महिनाभर हसलं आणि मी लाजेने गढूळ झाले. मूल हवं ते लग्नानंतरचं, पाण्याचं आणि गवताचं मिळून, म्हणजे काठच्या गवतात जन्मून पाण्यात उतरणारं एखादं पिल्लू.

सोमला नाईक गंभीरपणे व्याहीपणा निभावत होता. त्याने माझ्या काठाचा गवताचा पट्टा राखला. मला डोहाळेच लागले असावेत तसं तांड्यावरच्या गुराख्यांना सांगितलं, "थे सुनेच्या डोहायाचं गवत हाये. तिथं कोनाचं ढोर दिसलं नाही पायजे." गवत कमरेएवढं वाढलं. थंडीत बंदूकवाले साहेब बदकं मारायला आले, तर मारोतराव पुढे जाऊन म्हणाले, की तळ्यात मगर आहे. मगर माझ्यात कधीच नव्हती. पण बाप खोटं बोलला ते माझ्यासाठी, आणि त्या दिवशी मी किती वेळ थरथरत होते म्हणून सांगू!

तरी वर्षं जातच राहिली. एका साली गवतात पाखराची अंडी होती, ती मुंगसाने खाल्ली. एका साली पूर आला. प्रयागबाईने बाळासाठी एक कुंची शिवून ठेवली होती, तिचा रंग उडाला. मारोतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. जर्मनची दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमारास प्रयागबाईने अंथरूण धरलं. तिला अन्न जाईना. गोजराबाई रोज भाजीच्या निमित्ताने तिच्याकडे बसून यायची आणि परत येऊन पाळीवर मला सांगायची, की काही खाईना, एकच म्हणते, लेकीचं पाणी आणा. आणि मारोतराव म्हणतात, रीत कशी मोडू? मरताना तिच्या हातून पाप कसं घडवू?

तो पावसाळा मी कसा काढला, माझं मला माहीत. लाट आली की काठाच्या गवतात डोकावून पाहायची, काही आहे का, काही आहे का.

श्रावण सरता सरता एक हळदीकुंकू बदकाची जोडी त्या गवतात शिरली. या बदकाच्या काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं असतं आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. मी श्वास रोखला. पाणी चढू नये म्हणून जेवढं म्हणून सांडव्यावरून वाहता येईल तेवढं वाहिले. आणि भाद्रपदात एका सकाळी सोमलाने गवतात फुटकी कवचं आणि पिल्लं पाहिली. म्हातारा नाईक धावत मारोतरावांच्या दारात गेला.

मारोतराव काठीने वाट चाचपत आले. हातात प्रयागबाईचा तांब्या होता. काठावर बसले आणि म्हणाले, "नाईक, खरं सांग. तू पाह्यलं, का मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यला?"

"पाह्यलं, इवाईबुवा," सोमला आपल्या व्याह्याला म्हणाला.

मारोतरावांना खात्री वाटेना. त्यांना दिसत नव्हतं, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर एवढं मोठं पाप ते टाकू शकत नव्हते. ते बसून राहिले. माणसाची चाहूल लागल्यावर बदकीण कशाला बाहेर येते? ऊन चढलं. तिकडे घरात प्रयागबाई, इकडे तांब्या रिकामा, आणि पिल्लं माझ्याच कुशीत गवताआड गप्प. मी लाटांनी गवत हलवत होते, ढकलत होते, जा गं, एकदा जा, आजोबा आलेत. इतकं मी आयुष्यात कधी कोणाला विनवलं नव्हतं.

मारोतरावांना खोकला आला, तो त्यांनी धोतराचा बोळा तोंडात धरून दाबला. तसे ते किती तरी वेळ होते. मग गवत हललं. बदकीण पाण्यात उतरली आणि तिच्यामागे कापसाच्या बोंडांएवढी पिल्लं एकामागून एक टपाटप पाण्यात पडली. मारोतरावांना दिसलं काहीच नाही. पण ती बारीक चिवचिव त्यांच्या अगदी पायांपासून गेली.

त्यांनी तोंडातला बोळा काढला. काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात माझ्यात घातले आणि ओंजळ तोंडाला लावली. पाणी गढूळ होतं, भाद्रपदातलं. ते प्याले. पुन्हा एक ओंजळ प्याले. मग तांब्या भरला आणि काठीसुद्धा न घेता घराकडे निघाले. सोमला त्यांचा हात धरून चालला.

माझी खरी तळमळ तर त्यानंतर सुरू झाली. पाणी गेलं, पण घरापर्यंत मी थोडीच जाऊ शकत होते? तांब्या वाटेत हिंदकळला का? ती जागी होती का? ओठ उघडले का? गोजराबाई त्या दिवशी आलीच नाही. मी पाळीवर आपटत राहिले, सांडव्यावरून धावत राहिले, काही कळेना.

उजाडल्यावर मारोतराव आले. हातात तोच तांब्या. काठावर वाकले, तो माझ्यात बुडवला, आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले,

"आखीन मांगतलं तिनं."

पुढे आठवडाभराने प्रयागबाई गाडीतून आली, रंग उडालेली ती कुंची तिने रमण्यातल्या त्या पळसाच्या फांदीला बांधली, आणि दोन वर्षं माझं पाणी पिऊन मग गेली. मारोतरावही गेले. सोमलाच्या नातवाने गवताचा पट्टा अजून राखला आहे. पाळीला मधूनमधून भेगा पडतात, त्यांच्याकडे कोणी लक्ष द्यावं एवढं मात्र मागते, कारण मला अजूनही स्वस्थ बसवत नाही आणि माझा भरवसा नाही.

तुम्ही कधी वाशीमकडून इकडे आलात तर दोन घटका थांबा. रमण्यातून आवाज न करता या, काठाचं गवत तुडवू नका, तिथे माझी लेकुरं असतात. आणि पाणी प्या. तुम्ही काही माझे बाप नाही, तुम्हाला कसली अडचण?